घाई नको, हेळसांडही नको : पारलिंगी लेकरांसाठी घरात, शाळेत आणि गावात काय करावे

हे मार्गदर्शन मराठवाड्यातील पालक, शिक्षक आणि कार्यकर्त्यांसाठी लिहिले आहे. ज्यांच्या घरातील, वर्गातील किंवा वस्तीतील एखादे लेकरू ‘सगळे मला मुलगा म्हणतात, पण मी मुलगी आहे’ किंवा याच्या उलट सांगू लागले आहे, त्यांना ते उपयोगी पडावे. माझी भूमिका आरंभीच स्पष्ट करते. प्रौढ पारलिंगी व्यक्तीला, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी मानणाऱ्या व्यक्तीला, सन्मानाने जगण्याचा, शिकण्याचा, काम करण्याचा आणि आपली ओळख कागदोपत्री नोंदवण्याचा हक्क आहे आणि त्यावर घासाघीस करू नये. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र कामाची दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. मारहाण थांबवणे, शाळा टिकवणे आणि मनावरचा ताण हलका करणे ही कामे आजच्या आज सुरू करावीत. शरीरात कायमचा बदल घडवणाऱ्या उपचारांचा निर्णय वाढीचे वय सरेपर्यंत पुढे ठेवावा आणि तोपर्यंत तज्ज्ञांचा सल्ला घेत राहावे. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. पहिल्या खात्यात कोणी काही करत नाही आणि दुसऱ्या खात्यात ते लेकरू एकटेच, चोरून, मेडिकलवर मिळतील त्या गोळ्यांनी सुरुवात करते.

पहिल्या बोलण्यानंतर

लेकराने हे पहिल्यांदा सांगितले, की उत्तर देण्याची घाई करू नये. ‘सांगितलंस ते बरं केलंस, आपण सावकाश बोलू’ एवढे पुरेसे असते. ‘तू खरंच पारलिंगी आहेस’ असा शिक्का त्या दिवशी मारण्याची गरज नाही, आणि ‘हे खूळ आहे, जाईल’ असे म्हणण्याचीही नाही. पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू विचारावे : हे केव्हापासून वाटते, सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, नावाचा, कपड्यांचा, पाळीचा, फुटणाऱ्या आवाजाचा की वर्गातल्या चिडवण्याचा, आणि जिवाचे बरेवाईट करावे असे कधी मनात येते का. शेवटचा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही; उलट बोलण्याची वाट मोकळी होते.

वयाचा फरक लक्षात ठेवावा. पाच-सात वर्षांच्या मुलाने बांगड्या घातल्या, भातुकली मांडली किंवा मुलीने केस कापून घेतले आणि क्रिकेटचाच हट्ट धरला, तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही. बालपणी अशी ओढ असलेल्या मुलांचा पुढे पाठपुरावा करणाऱ्या जुन्या अभ्यासांत, त्यांपैकी बऱ्याच जणांत ती मोठेपणी कायम राहिली नाही असे दिसले. त्या अभ्यासांत मुले निवडताना सैल निकष लावले होते असा आक्षेपही तज्ज्ञ घेतात. वयात येताना ही अस्वस्थता ज्यांच्यात वाढत जाते, त्यांच्यात ती टिकण्याची शक्यता अधिक असते. म्हणून लहान मुलाला खेळू द्यावे, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे म्हणणे अधिक गांभीर्याने, पण निष्कर्ष मोकळा ठेवून ऐकावे.

तीन गोष्टी कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. पहिली, मारहाण. दुसरी, भगताकडे किंवा मांत्रिकाकडे नेणे. ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून लेकराला कोंडणे, उपाशी ठेवणे किंवा चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. तिसरी, ‘लग्न लावलं की आपोआप सुधारेल’ असे म्हणून सोयरीक जमवणे. आपल्या जिल्ह्यांत बालविवाह आधीच पुष्कळ होतात आणि अशा लग्नात एकाऐवजी दोन आयुष्यांची वाट लागते. गावात असे लग्न ठरत असल्याचे कळले, तर ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे.

आपल्या भागातील अडचण किती रोकडी असते ते सांगते. गेवराई तालुक्यातील एक आई दसऱ्याच्या तोंडावर माझ्याकडे आली होती. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली, घरवाल्याबरोबर साखर कारखान्यावर जाणे अटळ. चौदा वर्षांचे लेकरू ओढणी घेऊन आरशासमोर उभे राहते हे घरात कळले होते. ती म्हणाली, ‘‘ताई, लेकराला कुठं ठेवू? संगं न्यावं तर टोळीतली माणसं छळायलेत, इथं ठेवावं तर म्हातारा काठी घेऊन बसलाय.’’ त्या वेळी लिंगभाव (आपण मुलगा की मुलगी याची आतली जाणीव) म्हणजे काय हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मावशीकडे पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, राहायचे, नववीची शाळा सोडायची नाही, वर्गशिक्षिकेने आठवड्यातून एकदा आईशी फोनवर बोलायचे, आणि आजोबांना फक्त ‘मावशीकडं शाळा जवळ पडते’ एवढेच सांगायचे, असे ठरले. ओढणीबद्दल मावशीने एकच अट घातली : घरात काय घालायचं ते घाल, गल्लीत एकटं फिरू नको. मला ती अट रास्त वाटली, कारण तिच्यामागे लाज नव्हती, काळजी होती.

डॉक्टरांकडे केव्हा आणि कशासाठी

प्रथम शरीराची साधी तपासणी करून घ्यावी. पंधरा वर्षे उलटूनही पाळी न येणे, मुलगी म्हणून वाढलेल्या लेकराचा आवाज अचानक फुटणे, जननेंद्रियांची ठेवण जन्मापासून वेगळी असणे या गोष्टी असतील, तर प्रश्न लिंगभावाचा नसून शारीरिक जडणघडणीतील भिन्नतेचा असू शकतो आणि त्याची वाट निराळी आहे. तिथे गुणसूत्रांची व संप्रेरकांची (हार्मोन्सची) तपासणी लागते. नवजात बाळात अशी ठेवण दिसली तर विलंब करूच नये, कारण अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या काही विकारांत शरीरातील क्षार कमी होऊन बाळाच्या जिवाला धोका होतो. बीड पोलीस दलातील ललित साळवे यांची हकीकत आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. महिला शिपाई म्हणून भरती झाल्यावर तपासणीत त्यांच्या शरीरात एरवी पुरुषांत असणारे वाय गुणसूत्र आढळले, नोकरी टिकवण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि २०१८ मध्ये मुंबईत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांची गोष्ट प्रत्येक लेकराला लागू होत नाही आणि तो निर्णय एका प्रौढ व्यक्तीचा होता, हे पालकांना सांगावे लागते.

त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये येथील बाह्यरुग्ण विभागात साध्या केसपेपरवर सल्ला मिळतो. जाता येत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. डॉक्टरांकडे ‘याला नीट करा’ अशी मागणी घेऊन जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात लिंगभावाची विसंगती मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा व्यक्तींना ‘बदलवण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मग मनोविकारतज्ज्ञ कशासाठी? कारण अशा मुलांत उदासी, चिंता, झोप उडणे, कधी स्वमग्नता (ऑटिझम), कधी पूर्वी झालेला लैंगिक अत्याचार या गोष्टी बरोबर असू शकतात आणि त्यांकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. प्रत्येक दुःखाचे खापर लिंगभावावर फोडू नये. दुःख आहे म्हणून लिंगभावाचे सांगणे खोटेही ठरवू नये. खरा समुपदेशक ही मोकळीक ठेवतो. लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तर परीक्षेचा ताण कुठे संपतो आणि हा ताण कुठे सुरू होतो, ते उलगडायलाच काही महिने जातात.

आता औषधांचा प्रश्न. वयात येणे रोखून धरणारी औषधे फार लवकर वयात येणाऱ्या मुलांसाठी पूर्वीपासून वापरली जातात. लिंगभावाच्या अस्वस्थतेसाठी त्यांचा पद्धतशीर वापर प्रथम नेदरलँड्समध्ये सुरू झाला. गेल्या काही वर्षांत त्यांवर गंभीर मतभेद झाले आहेत. इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ हिलरी कॅस यांचा अंतिम अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. या औषधांच्या फायद्याचा पुरावा दुबळा आहे आणि हाडांच्या घनतेसारख्या बाबतीत सावधगिरी हवी, असे त्याने नोंदवले. स्वीडन आणि फिनलंडने त्याआधीच त्यांचा वापर अपवादात्मक रुग्णांपुरता मर्यादित केला होता. दुसरीकडे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आपली अनुकूल भूमिका कायम ठेवली, मात्र त्याच वेळी पुराव्याचा आढावा घेण्याचेही ठरवले. आणि जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील तज्ज्ञांनी २०२५ च्या सूचनांत काटेकोर तपासणीनंतर हा मार्ग खुला ठेवला. जाणकारच एकमताचे नसताना जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या दवाखान्याने छातीठोकपणे हे उपचार सुरू करावेत, असे मला वाटत नाही. अशा मुलांना मानसिक आरोग्याची सर्वांगीण सेवा वेळेवर मिळाली पाहिजे, हेही कॅस अहवालाने तितक्याच ठामपणे म्हटले आहे. त्याच्या आधारे जे या मुलांकडे पाठ फिरवतात, त्यांनी तो अर्धाच घेतलेला असतो.

चोरून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. छाती वाढावी म्हणून मुलगा म्हणून वाढलेली मुले गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला दोन-दोन, तीन-तीन घेतात. त्यांतील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि सिगारेट-विडीची सवय असेल तर धोका वाढतो. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि कोणत्या गोळ्या घेतल्या ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मुलगी म्हणून वाढलेली मुले क्रेप बँडेजने छाती करकचून बांधतात. त्याने श्वास कोंडतो, बरगड्या दुखतात, उन्हाळ्यात कातडी सोलते. त्याऐवजी खेळाडू मुली वापरतात तशी घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि वरून सैल शर्ट पुष्कळांना पुरतो. झोपताना आणि कवायतीच्या वेळी काहीही आवळलेले नसावे. गावठी पद्धतीने अवयव कापून देणाऱ्याकडे नेण्याची भाषा कोणी करत असेल, तर तिथे मध्यममार्ग नाही. तत्काळ पोलिसांना आणि बालकल्याण समितीला कळवावे.

शाळेत

मुख्याध्यापकांना पहिली भीती कागदांची असते. ती दूर करणे सोपे आहे. जनरल रजिस्टरमधील नोंद त्यांना स्वतःच्या अधिकारात बदलता येत नाही, त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. तेव्हा नोंद आहे तशी राहू द्यावी आणि रोजच्या वागण्यात जे बदलता येते ते बदलावे. आपल्याकडे निम्म्या वर्गाला घरचे टोपणनाव असतेच. बाळा, सोनू, राणू अशा एखाद्या नावाने हाक मारली, तर लेकराला दिलासा मिळतो आणि उद्या त्याचे मन बदलले तरी कोणाचे काही बिघडत नाही. मागे घेता येईल अशी पायरी आधी आणि न घेता येणारी सर्वांत शेवटी, एवढा क्रम शाळेने पाळला तरी पुष्कळ होईल.

शौचालयाचा तिढा बहुतेक शाळांत सुटू शकतो, कारण दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेले एक स्वतंत्र शौचालय आवारात असते. ते पुष्कळदा खडूच्या पेट्या आणि झाडू ठेवून कुलूपबंद केलेले असते. ते रिकामे करावे, आतून कडी बसवावी, पाण्याची बादली ठेवावी आणि ते ज्याला हवे त्या प्रत्येकाला वापरू द्यावे. त्या लेकरासाठीच राखून ठेवले तर चिडवण्याला नवे निमित्त मिळते. दिवसभर पाणी न पिता बसणारी मुले मी पाहिली आहेत, म्हणून ही बाब मला क्षुल्लक वाटत नाही.

वसतिगृह आणि खेळ येथे इतर मुलामुलींचाही विचार करावा लागतो. कपडे बदलताना आणि झोपताना खासगीपणा मिळावा ही मुलींची अपेक्षा रास्त आहे आणि तिला द्वेष म्हणू नये. अधीक्षकांच्या खोलीजवळ लहान स्वतंत्र खोली देता आली तर दोघांचीही सोय होते. शाळेच्या मैदानावर सर्वांनी मिळून खेळावे. तालुका-जिल्हा स्पर्धेत मात्र आयोजकांचे गटाचे नियम पाळावेत आणि एका लेकराला पुढे करून त्या वादाची लढाई लढू नये. केस कापण्याची सक्ती करून प्रार्थनेच्या रांगेतून बाहेर काढणे, नक्कल करणे, ‘बायल्या’ म्हणणे हे शिक्षकांकडून घडत असेल, तर शाळा व्यवस्थापन समिती आणि सखी सावित्री समितीपुढे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभाव करण्यास मनाई केली आहे.

शिक्षकांना पडणारा अवघड प्रश्न असा, की मुलाने विश्वासाने सांगितलेले पालकांना सांगावे का. माझे मत असे आहे, की शाळेत एक आणि घरी एक असे दुहेरी आयुष्य वर्षानुवर्षे चालवण्यास शाळेने हातभार लावू नये, पण लेकराला तयार न करता त्याच रात्री बापाला फोनही करू नये. घरात प्रथम कोणाला सांगायचे, मावशीला, आजीला की थोरल्या बहिणीला, हे मुलाबरोबर बसून ठरवावे आणि त्या भेटीला स्वतः हजर राहावे. मारहाणीची खरी भीती असेल, तर पालकांआधी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीशी बोलावे. ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र कधी देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती पोलिसांना देणे पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे.

घर सोडण्याचा विचार

परभणी किंवा जालन्याहून रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी मुंबई. घरी जागा उरली नाही असे वाटलेले सोळा वर्षांचे लेकरू तेच करते, आणि तिथे पोचल्यावर भीक मागणे किंवा देहविक्रय याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. जिल्ह्यातील तृतीयपंथी समाजातील जाणत्या गुरूंना शत्रू मानू नये. घराने टाकलेल्यांना आसरा देण्याचे काम या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. त्यांच्याशी बसून बोलावे आणि एकच विनंती करावी : अठरा वर्षांखालील कोणी आले, तर चेला करून न घेता १०९८ ला कळवावे. २०१९ च्या कायद्यानुसार पारलिंगी असल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही, केवळ सक्षम न्यायालयाने मुलाच्या हितासाठी तसा आदेश दिला तरच ते करता येते.

गावात आणि कचेरीत बाजू मांडताना

हक्कांची बाजू मांडणाऱ्यांनी आपल्या मागण्या मोजक्या आणि पूर्ण होण्याजोग्या ठेवाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांचे मूलभूत हक्क मान्य केले, २०१९ मध्ये कायदा झाला, २०२० मध्ये नियम आणि ऑनलाइन अर्जाची सोय झाली. तरीही तालुक्याच्या गावात आजही एखाद्या प्रौढ व्यक्तीला ओळखपत्रासाठी दहा जणांना विचारत फिरावे लागते. म्हणून समाजकल्याण कार्यालयाकडे तालुकानिहाय शिबिराची मागणी करावी, रेशनकार्डावर नाव चढवण्यासाठी तहसीलदारांना भेटावे, सरकारी दवाखान्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस मागावा. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर राज्यात पोलीस भरतीचा अर्ज तृतीयपंथीयांसाठी खुला झाला, तो अशाच एका नेमक्या मागणीवर. पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा ठेवली होती. ती अपुरी आहे, हे सांगितले तर विरोधकही सहसा वाद घालत नाहीत.

मुलांच्या उपचारांचा वाद या मागण्यांत मिसळू नये. मिसळला, की ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा चाळिशीतल्या तृतीयपंथी व्यक्तीचे रेशनकार्डही अडकते. तसेच ‘आमचे ऐकले नाही तर मुले जीव देतील’ ही भाषा सभेत वापरू नये. ती ऐकणाऱ्या मुलालाच ती घातक ठरते. आणि इंग्लंडमध्ये वयात येणे रोखणाऱ्या औषधांवर निर्बंध आल्यानंतर आत्महत्या झपाट्याने वाढल्याचा दावा २०२४ मध्ये तेथील सरकारच्या सल्लागाराने आकडे तपासले तेव्हा टिकला नाही. जे लेकरू समोर बसून जगावेसे वाटत नाही म्हणते, त्याच्यासाठी मात्र त्या क्षणी सगळे बाजूला ठेवून दवाखान्यात जावे.

ग्रामसभेत परदेशी उदाहरणांपेक्षा ओळखीचा आधार चालतो. तापलेल्या वाळूत रडणारे लेकरू कोणाचे हे न विचारता उचलून घेणाऱ्या एकनाथांची गोष्ट पैठणपासून गंगाखेडपर्यंत प्रत्येकाला ठाऊक आहे आणि गावातले कीर्तनकार ती तुमच्यापेक्षा चांगली सांगतात. त्यांना आधी भेटावे. कोणी शंका विचारली, मुलींच्या वसतिगृहाची, खेळाची, औषधांची, तर त्याला प्रतिगामी ठरवून गप्प बसवू नये. शंका खरी असेल तर ती मान्य करून उत्तर द्यावे. एखाद्या लेकराला मात्र सभेत उभे करू नये, त्याचा फोटो बातमीसाठी देऊ नये, त्याच्या गावाचे नावही छापू देऊ नये.

अठरा पूर्ण झाल्यावर

२०१९ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलासाठी ओळख प्रमाणपत्राचा अर्ज पालकांनी करण्याची तरतूद होती. तरी शिष्यवृत्ती किंवा तत्सम निकड नसेल, तर अठरा वर्षांपर्यंत थांबून त्या व्यक्तीलाच अर्ज करू द्यावा, असा माझा सल्ला राहील. या क्षेत्रातील नियमांत दुरुस्त्या होत असतात, त्यामुळे त्या दिवशी लागू असलेला नमुना जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातून घ्यावा. ओळख प्रमाणपत्र आधी, त्याच्या आधारे आधार, मग बँकेचे खाते, मतदार यादी आणि शेवटी राजपत्रातील नावबदल व शैक्षणिक कागद, असा क्रम ठेवला तर हेलपाटे कमी होतात. मनोविकारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि तपासण्यांचे अहवाल वर्षानुसार एका फाईलमध्ये लावून ठेवावेत, कारण संप्रेरकांचा किंवा शस्त्रक्रियेचा विचार पुढे झालाच, तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट (संप्रेरकतज्ज्ञ) पहिल्या भेटीत तेच मागतात. संप्रेरके सुरू करण्यापूर्वी पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर काय परिणाम होईल, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. आणि सर्व कागदांवर नावाची अक्षरे सारखी आहेत ना, हे अर्ज भरतानाच तपासावे. एका वेलांटीच्या फरकामुळे पासबुक अडकते आणि ते सुटायला पुन्हा प्रतिज्ञापत्र करावे लागते.